खंडेनवमीची काच

"मॅडम, किती येळ हुबारणार उन्हात? आत जावा की. आली की मी सांगावा धाडतो," सदामामा वॉचमन म्हणाला.

"येतीलच आता. कागलकडची एसटी आली ना आत्ता?"

"आली की. तीन माणसं उतरली. तिन्ही बाप्ये."

मी तरी हलले नाही. गेटसमोरच्या गुलमोहराची सावली सरकत सरकत रस्त्यावर गेली होती, तिच्याबरोबर मीही दोन पावलं सरकले, एवढंच.

खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायची आमच्या कारखान्यात पद्धत होती. एरवी बिल्ला नसेल तर साहेबालाही सदामामा अडवायचा. त्या दिवशी मात्र बायका काठापदराच्या साड्या नेसून, पोरांना पावडर फासून, सरळ शॉपवर यायच्या. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलला लिंबू, फोर्कलिफ्टला दोन बाजूंनी ऊस बांधलेले आणि वर ओळीनं बसलेली पोरं. वर्षभर तेलकट कपड्यांत वाकून काम करणारा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मशीनशेजारी उभा राहायचा आणि बायकोला म्हणायचा, "ही माझी." बायको मशीनला कुंकू लावायची, जरा लांबूनच. सवतीला लावावं तसं, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या शेवंताक्का म्हणायच्या.

माझी मशीन कोपऱ्यातल्या बंद खोलीत होती. हायड्रॉलिक व्हॉल्वच्या बॉडी आम्ही बनवायचो, तळहाताएवढ्या, बिडाच्या. धुऊन पुसून आल्या की शेवटी माझ्याकडे. लेसरचा किरण त्यांच्यावर नंबर कोरायचा आणि शेजारी नखाएवढा ठिपक्यांचा चौकोन. तो चौकोन वाचला की इटलीत बसलेल्या माणसाला कळायचं, हा तुकडा कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत झाला. मुरगूडच्या पुढचं माझं गाव नकाशावर शोधावं लागतं, पण मी काढलेला चौकोन तिकडच्या मशीनला एका क्षणात ओळखू यायचा. याचं तेव्हा मला फार अप्रूप होतं. खोलीत दिवसभर मी आणि बॉड्या पुसणाऱ्या शेवंताक्का. जाड रंगीत काचेचा चष्मा लावून मी त्या हिरवट उजेडाकडे बघायची. आवाज नाही, ठिणगी नाही. नुसता लोखंड जळल्याचा बारीक वास.

रेवती तेव्हा दहा महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपली तशी मी तिला गावी आत्तींकडे ठेवून आले. आत्ती म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. सुहास गुजरातेत, टायरच्या कारखान्यात, दिवाळीलाच येणार. मी गोकुळ शिरगावात एका खोलीत एकटी. पाळ्या फिरत्या. आमच्या गल्लीत मुल्लाभाभी पोरं सांभाळायच्या, पण दिवसाची. रात्रपाळीच्या आईचं पोर त्या तरी कशाला ठेवतील? म्हणून मी क्वालिटीच्या चौगुले साहेबांच्या मागे लागले होते, मला जनरल शिफ्ट द्या. कायम दिवसाची मिळाली की रेवू माझ्याजवळ.

"आधी हा इटलीचा माल नीट जाऊ दे," साहेब म्हणाले होते. मागच्या खेपेचे काही कोड तिकडे वाचलेच गेले नव्हते. "या वेळी एक तक्रार आली नाही तर दिवाळीपासून जनरल. शब्द."

गाडी दसऱ्याच्या संध्याकाळी निघणार होती. म्हणून आमची दसऱ्याची सुट्टी रद्द. निदान खंडेनवमीला तरी पोरीला घेऊन या, असं मी आत्तींना आठवडाभर फोनवर विनवत होते. त्या म्हणाल्या होत्या, "बघू. जमलं तर येतो."

तीन वाजता माणसं परत जायला लागली. फोन लावला तर आत्तींचा बंद. ड्रिलवरच्या खोताची बायको तान्हं पोर खांद्यावर टाकून माझ्या शेजारी रिक्षाची वाट बघत उभी राहिली. पोर भुकेलं होतं, किरकिरत होतं. तिनं पदराआड घेतलं आणि मलाच पान्हा फुटला. कुर्त्याला डाग पडला. मी ओढणी पुढे ओढून घेतली.

"तुमचं कुणी आलं न्हाई?" तिनं सहज विचारलं.

"नाही."

आत गेले तेव्हा झाडलोट सुरू झाली होती. खोलीत शेवंताक्का एकट्याच होत्या. मशीनला हार, पुढे नारळ, पेढ्याचे कागद. त्यांनी द्रोणात चिवडा भरून माझ्यापुढे केला.

"खा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

"पूजा तुम्हीच केलीत?"

"केली बाई." त्या मशीनकडे बघत राहिल्या. "यंदा तुझ्या मशीनची पूजा लई चांगली झाली बग."

संध्याकाळी आत्तींचा फोन लागला. म्हैस आजारी पडली, म्हणाल्या, सोडून येता आलं नाही. मागून रेवूचा बडबडण्याचा आवाज येत होता. "तिच्या कानाला लावा ना," मी म्हटलं. "झोपाय आलीया ती," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी मशीन चालू केली. पहिला तुकडा लावला, कोरला, चौकोन वाचणाऱ्या रीडरखाली धरला. लाल दिवा. दुसरा. लाल. शेवंताक्कांनी तुकडे पुन्हा पुसून दिले. मी उंची तपासली, किरणाची ताकद वाढवून बघितली. पुन्हा लाल. डोळ्याजवळ नेऊन बघितलं, तर चौकोनाची खालची कड पुसट होती आणि नंबरमधला एक आकडा अर्धाच उमटला होता. प्रत्येक तुकड्यावर त्याच जागी.

बाहेर बिनखुणांच्या बॉड्यांनी भरलेले क्रेट उभे होते. मला त्या क्षणी बॉड्या दिसत नव्हत्या, मुल्लाभाभींच्या दारातला पाळणा दिसत होता.

किरण ज्यातून खाली येतो ते भिंग वरच्या बाजूला असतं, तोंड खाली करून. त्याच्याखाली रक्षणासाठी एक गोल काच बसवलेली, मोरपिसासारखी जांभळी-हिरवी चमकणारी. मी किल्ली फिरवून मशीन बंद केली आणि पर्समधला टिकलीचा आरसा काचेखाली धरला.

"अगं, आपला माल आज सीमोल्लंघनाला निघालाय," दारातून चौगुले साहेबांचा आवाज आला, "आणि तू आरशात काय बघतेस? नटून कुठं जायचंय?"

"साहेब, काच खराब झालीय."

ते आले, वाकले, आरशात बघितलं. "कुंकू आहे हे." मग जरा वेळानं, "आणि तूप. पेढ्याचं. बघ, तुपासकट भाजून बसलंय." ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता. "ही बोटं आहेत. बारक्या पोराची. कुणी पोराला इथं उचलून धरलं?"

शेवंताक्का एकच बॉडी पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"अक्का, तुम्ही होता ना इथं?"

"साहेब, काल अख्ख्या कंपनीची पोरं हितं लोळत हुती. आता काय समद्यांचे हात हुंगत बसणार व्हय? तुमचा नातू बी हुता की."

"माझा नातू चार वर्षांचा आहे!"

"मग त्याचं बोट काय मुसळाएवढं आसतंय?"

"अक्का, थट्टा पुरे. वर कारण कळवावं लागतं. गाडी अडली, तर कुणामुळं अडली हे विचारणार ते."

मी तोपर्यंत कडं फिरवून काच काढली होती. कडेला धरून ती खिडकीपाशी नेली. सकाळचं ऊन तिच्यातून आरपार आलं. तळव्याचा थोडा भाग. अंगठा नव्हता. मग एक बोट, निमुळतं. त्याच्या शेजारी एक रुंद डाग, दुप्पट रुंद, मध्ये अजिबात फट नसलेला. आणि पलीकडे करंगळी.

रेवूची उजव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. डॉक्टर म्हणाले होते, थोडी मोठी झाली की सोडवू, काळजीचं काही नाही. आत्ती म्हणायच्या, "देवानं मोहर मारून धाडलीया. कुटं हरवली तरी सापडंल." घरात असं म्हणायच्या, पण चारचौघांत पोरीचा तो हात कायम पदराखाली. गावच्या जत्रेतसुद्धा त्यांनी तिला लांब बाह्यांचं झबलं घातलं होतं, भर मे महिन्यात.

मी काच तशीच धरून उभी राहिले. कसं सांगू? आदल्या दिवशी सगळा कारखाना आपापल्या माणसांनी भरला होता आणि मी गेटवर उभी होते. सगळ्यांनी बघितलं होतं, हिचं कुणी आलं नाही. आणि इथं, माझ्या मशीनवर, माझी मुलगी हात उमटवून गेली होती.

"साहेब," मी म्हटलं, "हा माझ्या मुलीचा हात आहे."

शेवंताक्कांनी बॉडी खाली ठेवली. "येडी का काय तू," त्या पुटपुटल्या.

"तुझ्या? तुझं तर कुणी आलं नव्हतं काल. सदा मला म्हणाला, मॅडम गेटवरनं हलल्या नाहीत."

"आली होती."

"कशावरून?"

मी काच त्यांच्यासमोर उन्हात धरली. "ही दोन बोटं बघा. जुळलेली आहेत. माझ्या रेवतीची अशीच आहेत."

त्यांनी चष्मा कपाळावर सारून बघितलं. बराच वेळ. मग काचेकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मला वाटतं मी हसत होते. तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी. त्यांना काय करावं कळेना. चौगुले साहेब तसे रागीट, पण रडणाऱ्या बाईसमोर त्यांचे हात खिशात जायचे.

"गप बसली असतीस तर मी पूजेत काच खराब झाली एवढंच कळवलं असतं," ते म्हणाले.

"हो."

"आता मला माहीत आहे. माहीत असून तुझ्यासाठी शब्द टाकायला मी वर कोणत्या तोंडानं जाऊ? हिच्याच पोरीनं माल अडवला, असं म्हणतील." ते दारापर्यंत गेले. "नाव लिहीत नाही मी कुणाचं. पण दिवाळीचं आता विचारू नकोस. कपाटात दुसरी काच आहे, लाव. आणि खराब निघालेले तुकडे घासून पुन्हा कोर. गाडी गेली पाहिजे."

नवी काच लावली. हिरवा दिवा लागला. मग दुपारभर आम्ही मान वर केली नाही. शेवंताक्का पुसायच्या, मी कोरायची. बऱ्याच वेळानं त्या स्वतःहून बोलल्या.

"मागच्या गेटनं आली तुझी सासू. मालाच्या. मला म्हणाली, सुनेची मशीन दावा."

"आणि तुम्ही मला बोलावलं नाही."

"तिनं शपथ घातली."

"मी गेटवर होते, अक्का. इथून हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

"म्हणूनच मारली न्हाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "लेक तुझी ग्वाड हाय. पेढा खाऊन ह्ये हात माखलेले. मशीनला हार घातला तर खुदकन हसली. त्या काचंत तिचं तोंड दिसत असंल. सासू म्हणाली, ही तुझ्या आईची मशीन, पाया पड. आन् पदराखालचा हात तिनं सोता बाहीर काढला बग. कुकवात बुडवला, वर धरला. मी म्हटलं, अवो नगं तिथं. तंवर लागला की हात. मी पुसलं गं फडक्यानं. मला वाटलं, निघालं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. पण त्या सांगत होत्या ते सारं मला पुन्हा ऐकायचंही होतं. "कोणतं झबलं होतं अंगात?" मी विचारलं.

"पिवळं. बदकाचं."

मी घेतलेलंच नव्हतं ते. आत्तींनी घेतलं असणार, बाजारात.

उन्हं कलताना गाडी निघाली. ड्रायव्हरच्या आरशाला कुणीतरी आपट्याची डहाळी बांधली होती. सगळे एकमेकांना सोनं देत होते. चौगुले साहेबांनी मलाही पानं दिली, डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि गेले. काढलेली काच मी टाकाऊ डब्यात टाकली नव्हती. पुसायच्या फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवली होती.

खोलीवर आल्यावर फोन लावला.

"म्हैस कशी आहे, आत्ती?"

"म्हस? बरी हाय की. का गं?"

"काच सापडली मला. रेवूनं हात लावलेली."

पलीकडे कसलं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हादूच्या टेंपोतनं आलो आमी," त्या म्हणाल्या. "म्होरच्या गेटावरनंच आला टेंपो. तू हुबी हुतीस झाडाखाली. निळा ड्रेस. म्हादू म्हणाला, थांबवू का काकी? मी म्हटलं, नगं, माघारच्या गेटाला घे."

"का, आत्ती?"

"मागल्या खेपेला तू गेलीस, तर पोर रोज दाराकडं बघून रडायची. खायाची न्हाई, प्यायाची न्हाई. अंग तापायचं. आता कुटं जरा रुळलीया. तू दिसली असतीस तर सोडली असती का तिनं तुला?"

"मग आणलीत कशाला?"

"तिची आई कुटं जाती, ते तिला दावाय नगं?" आत्तींचा आवाज चिडका झाला. त्या रडायला आल्या की चिडतात. "आई गेली, गेली म्हणत्यात समदी. कुटं गेली? म्हटलं, बघू दे. आन् मला बी बघायचं हुतं."

"मग मला तरी लांबून दाखवायची होती तिला. एवढंच."

"तू लांबनं बघून ऱ्हाली असतीस?"

त्यांनी न सांगताच फोन रेवूच्या कानाला लावला असावा, कारण मग नुसता श्वास ऐकू यायला लागला. सर्दीचा, घरघरता. "रेवू," मी म्हटलं. श्वास थांबला. पुन्हा सुरू झाला. मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. नाहीतर पुन्हा दाराकडे बघत बसली असती.

जनरल शिफ्ट त्या दिवाळीला मिळाली नाही. पुढच्याही नाही. रेवू माझ्याजवळ राहायला आली तेव्हा ती चालत आली, आत्तींचं बोट धरून, आणि मला काकी म्हणाली. दोन दिवस आत्ती तिला दुरुस्त करत राहिल्या. चालायला कधी लागली, पहिला दात कोणता आला, मामाला मामा कधी म्हणाली, हे सारं मी फोनवर ऐकलेलं आहे. कारखान्यात त्या वर्षापासून खंडेनवमीला मार्किंगच्या खोलीला कुलूप असतं. कुंकू दाराच्या चौकटीला लावतात.

रेवूच्या बोटांचं ऑपरेशन तीन वर्षांची असताना झालं. आता बारकी पांढरी रेघ तेवढी दिसते, तीही सांगितली तर.

परवा धाकट्याला झोपवून मी कपाट आवरत होते. रेवती शेजारी बसून दुसरीचं पुस्तक मोठ्यांदा वाचत होती. वाचता वाचता तिनं कपाटात हात घातला आणि फडक्यातली काच बाहेर काढली.

"आई, हे काय आहे? कुणी हात लावलाय?"

"तू."

तिनं काच जमिनीवर ठेवली. उजवा हात पसरून तिच्यावर धरला. तिची बोटं काचेच्या बाहेर गेली. तिनं मोजल्यासारखं बघितलं, एक एक बोट उचलून.

"हॅट्. ही माझी नाहीत. मला चार आहेत आणि अंगठा. इथं तीनच आहेत."

"तेव्हा तुझी अशीच होती. तू लहान होतीस. माझ्या कारखान्यात आली होतीस, आज्जीबरोबर. माझी मशीन बघायला."

"खरंच?" ती पुन्हा काचेवर वाकली. मग मान वर केली. "मग तू कुठं होतीस?"

धाकटा झोपेत कुरकुरला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"गेटवर," मी म्हटलं. "तुझी वाट बघत."